मशीनसमोर उभं राहण्याआधी

पोरांनो, तुम्ही चौघं या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया एक्स्ट्रीमला निघालात हे ऐकून फार बरं वाटलं. जाण्याआधी काकाला विचारू म्हणालात, म्हणून हे सविस्तर लिहून देतो. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं तुम्ही विसरला असता.

सांता क्लाराच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवला की माणूस आधी भांबावतो. दिवे मंद असतात, जुनी आर्केड मशिनं आणि पिनबॉलची टेबलं शेकड्यांनी मांडलेली असतात, आणि सगळी एकदम वाजत असतात. हा मेळा 1997 पासून भरतोय. एकदा तिकीट काढलं की आत नाणं लागत नाही, सगळं 'फ्री प्ले'वर असतं. ही मशिनं बहुतेक करून हौशी संग्राहकांची. कुणी गॅरेजातून काढून, ट्रेलरवर पट्ट्यांनी बांधून आणलेली असतात. दोन दिवस अनोळखी लोकांच्या हाती देतात आणि रविवारी रात्री परत घेऊन जातात. हे मनात पक्कं ठेवूनच आत शिरा, म्हणजे पुढचं बरंचसं आपोआप सुचेल.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: घरी जे मिळत नाही ते आधी खेळा. पॅक-मॅन तुमच्या फोनवर आहे, गॅलागा टीव्हीला जोडायच्या कुठल्याही खेळण्यात सापडतो. ते संध्याकाळी खेळा. सकाळी थेट अटारी कंपनीच्या अ‍ॅस्टरॉइड्ससमोर जाऊन उभे राहा. नेहमीच्या पडद्यावर चित्र एकाखाली एक ओळी रंगवत उमटतं. 1979 च्या या मशीनमध्ये मात्र इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या बाजूला सरळ रेघ ओढतो. त्यामुळे रेघेला पायऱ्या नाहीत, खडबडीतपणा नाही. गोळी सुटली की झोत एका बिंदूवर थांबतो आणि तो ठिपका असा लखलखतो की अंधारात त्याची झाक डोळ्यांत राहते. फोनचा पडदा कितीही महाग घ्या, हे त्यात दिसत नाही. यातला रंगीत प्रकार पाहायचा तर 1981 चा टेम्पेस्ट आणि 1983 चा स्टार वॉर्स शोधा. टेम्पेस्टला जॉयस्टिकच नाही, एक गोल मूठ आहे, ती फिरवली की गरगर फिरत राहते. स्टार वॉर्सचं बसायचं मशीन मिळालं तर सोडू नका, त्याला विमानासारखं सुकाणू आहे. पण रंगीत रेघांचे हे मॉनिटर फार नाजूक असतात. शनिवारी सकाळी चालणारा टेम्पेस्ट संध्याकाळी बंद पडलेला असू शकतो. म्हणून सांगतो, आधी तिकडे.

ट्रॅकबॉलचंही तेच. मिसाइल कमांड माउसवर खेळलात म्हणजे खेळलात असं मी मानत नाही. तळहाताखाली तो जड गोळा हवा. त्यात तीन तळ आहेत आणि तीन बटणं. मधल्या तळाचं क्षेपणास्त्र बाजूच्या दोघांपेक्षा वेगाने जातं. नवखा माणूस तेच आधी उडवून मोकळा होतो. तुम्ही ते राखून ठेवा, उशिरा दिसलेल्या माऱ्यासाठी. ट्रॅकबॉलवरचा दुसरा खेळ सेंटिपीड. तो डोना बेली आणि एड लॉग यांनी केला. त्या काळी आर्केडचे गेम लिहिणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यांतली ती एक. आपल्या घरातल्या मुलींनी तो खेळून बघावा असं मला फार वाटतं.

दुसरी गोष्ट फ्री प्लेची. नाणं लागत नाही हे सुखाचं वाटतं, पण त्याने खेळाची चव जाते. मरायचं, बटण दाबायचं, पुन्हा मरायचं, कंटाळून पुढच्या मशीनकडे जायचं, असं करत पोरं दुपारपर्यंत पन्नास मशिनं उरकतात आणि त्यातलं एकही त्यांच्या लक्षात राहत नाही. हे गेम क्वार्टर टाकून खेळण्यासाठी रचलेले आहेत. पुढचं नाणं खिशातून काढताना माणूस विचार करायचा, आपण कशाने मेलो हे आठवायचा. तेव्हा प्रत्येक मशीनवर आपल्याकडे तीनच नाणी आहेत असं धरून खेळा. तीन डाव झाले की बाजूला व्हा, मागच्याला जागा द्या आणि तो कसा खेळतो ते त्याच्या खांद्यामागून बघा. जाणत्या माणसामागे दहा मिनिटं उभं राहून जे कळतं ते स्वतः तासभर खेळूनही कळत नाही.

हातासरशी काही गेमचे आडाखे देऊन ठेवतो.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये वरून जाणारी तबकडी दिसते. तिचे गुण नशिबावर मिळतात असं लोकांना वाटतं. तसं नाही. मशीन तुमच्या गोळ्या मोजतं. तेविसाव्या गोळीला तबकडी पाडली तर 300 गुण, आणि त्यानंतर दर पंधराव्या गोळीला पुन्हा 300. मनात मोजत खेळा. शेवटी शेवटी परग्रहवासी वेगाने पळू लागतात, त्याचंही कारण जाणून घ्या. 1978 साली तोमोहिरो निशिकादोने हा गेम केला तेव्हाच्या प्रोसेसरला सगळी फौज हलवायला वेळ लागायचा. फौज कमी झाली की काम कमी, म्हणून वेग जास्त. निशिकादोने तो वेग तसाच राहू दिला, आणि खेळाचा सगळा थरार त्यातच आहे.

पॅक-मॅनमध्ये चारही भुतं एकसारखी धावत नाहीत. लाल सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी तुमच्या तोंडापुढच्या जागेवर नेम धरतं. निळं लालच्या जागेवरून आपला अंदाज बांधतं, म्हणून ते सगळ्यात बेभरवशाचं. नारिंगी जवळ आलं की माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे जातं. बाजूच्या बोगद्यात भुतं मंदावतात, तुम्ही नाही. आणि वळण येण्याच्या जरा आधीच जॉयस्टिक वळवा. पॅक-मॅन कोपरा कापून जातो, भुतांना ते जमत नाही. जाणते लोक ठरलेल्या वाटांनी खेळतात, कारण त्याच चाली केल्या तर भुतंही तशीच वागतात. त्या वाटा मिस पॅक-मॅनवर चालत नाहीत, तिथे भुतांच्या चालीत अनिश्चितता घातली आहे. मशीन बंद असलं तर काचेकडे तिरकं बघा. बऱ्याच जुन्या पॅक-मॅनच्या पडद्यावर चक्रव्यूहाच्या निळ्या रेघा कायमच्या जळून उमटलेल्या असतात.

गॅलागात हिरवा म्होरक्या झोत सोडतो तेव्हा हाताशी आणखी एक यान असेल तर आपलं यान त्याला खुशाल पकडून नेऊ द्या. मग तो म्होरक्या खाली झेपावेल तेव्हाच त्याला मारा, रांगेत उभा असताना नाही. कैद झालेलं यान सुटून तुमच्या शेजारी येतं आणि दुप्पट मारा सुरू होतो. नेम चुकून आपल्याच यानाला लागणार नाही एवढं सांभाळा.

अ‍ॅस्टरॉइड्समध्ये एखादा दगड शिल्लक ठेवून छोट्या तबकडीची वाट बघत बसायची जुनी युक्ती आहे. एका तबकडीचे 1000 गुण, आणि 10,000 ला नवं यान. युक्ती पक्की आहे, पण मागे रांग असताना ती करू नका. एकच माणूस तासभर मशीन अडवून बसला तर ते कुणालाच आवडत नाही. हौस असेल तर रात्री गर्दी पांगल्यावर करा. आकडा चांगला झाला तर लगेच फोटो काढा, तोही फ्लॅश न वापरता. त्या काळच्या बऱ्याच मशिनांना वीज बंद झाल्यावर काहीच आठवत नाही.

पिनबॉलकडे तुमच्या पिढीची पोरं फिरकत नाहीत याचं मला वाईट वाटतं. साधारण 80 ग्रॅमचा पोलादी गोळा, साडेसहा अंशांच्या आसपास उतरता पाट, आणि त्यावर तुमची दोन बोटं. यात पडद्यावरची जादू नाही, गोळा खरोखरच धावतो. दोन्ही फ्लिपर, म्हणजे बटणांनी उचलायचे खालचे दांडे, एकदम फडफडवू नका, ही नवख्याची पहिली खूण. गोळा येऊ द्या, एक फ्लिपर उचलून धरा, त्याच्या कुशीत गोळा थांबवा. मग नेम धरून सोडा. कधी कधी फ्लिपर अजिबात न हलवणं हेच शहाणपणाचं असतं. गोळा त्याच्यावर आपटून अलगद दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथे ताब्यात येतो. टेबल जरा ढकलणं हा खेळाचाच भाग आहे, पण आत एक लोंबता लंबक असतो. जास्त हिसका दिलात की तो कडीला टेकतो, मशीन 'टिल्ट' होतं आणि तो गोळा गेला. खेळण्याआधी काचेखाली, खालच्या बाजूला लावलेलं नियमांचं कार्ड वाचा. ते कुणी वाचत नाही, म्हणून कुणाला गुण मिळत नाहीत. सुरुवात 1992 च्या अ‍ॅडम्स फॅमिलीने करा. त्याची 20,270 टेबलं विकली गेली, त्यामुळे ते दिसण्याची शक्यता बरीच.

आता शिस्त. हे ऐकाच. तुम्ही बरोबर चिवडा नि शंकरपाळे नेणार, हे मला ठाऊक आहे. न्या जरूर, पण खाऊन झालं की साबणाने हात धुऊनच मशीनला हात लावा. ट्रॅकबॉलच्या आत छोटे रूळ असतात, तेल आणि मसाला त्यांच्यावर बसला की गोळा अडकतो आणि मालकाला सगळं उलगडून साफ करावं लागतं. पिनबॉलच्या काचेवर पाण्याची बाटली ठेवायची नाही. मशीन अडकलं तर मारझोड नको, बटण शोधून बंद-चालूही करू नका. मालक नाहीतर स्वयंसेवक आसपास असतो, त्याला सांगा. आणि मागचं दार उघडं दिसलं तरी हात आत घालायचा नाही, कधीच नाही. जुन्या पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही ते आत साठून राहतात. लांबून मात्र जरूर बघा. तारांच्या गुंत्यात वाकून सोल्डर करणारा माणूस दिसला तर काय बिघडलंय ते विचारा. मशीनची किंमत विचारू नका, दुरुस्ती कशी केली ते विचारा. मग तो अर्धा तास बोलतो, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही कुठल्याही पुस्तकात नसलेलं शिकता.

चौघं आहात तर चौघांनी मिळून गॉन्टलेट खेळा. 1985 चा तो गेम चार जणांसाठीच केलेला आहे. आयुष्य त्यात आपोआप कमी होत राहतं, म्हणून दिसलेलं अन्न गोळी मारून वाया घालवू नका आणि सगळ्यात अशक्त गड्याला ते खाऊ द्या. जादूची बाटली जादूगाराने वापरली तर तिचा परिणाम सर्वांत मोठा होतो. फ्री प्लेवर आयुष्य वाढवत बसलात तर खेळ संपायचाच नाही, तेव्हा आधी मर्यादा ठरवून घ्या. कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स कुठे दिसला तर तुमच्या बाबाला फोटो पाठवा. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांमध्ये या गेमला सगळे 'मुस्तफा'च म्हणायचे, खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. तुमचा बाबा एक रुपयाचं नाणं मुठीत घेऊन त्याच्यासाठी रांगेत उभा राहायचा. तो फोटो बघून त्याला काय वाटेल ते मी सांगायला नको.

बारीकसारीक: बूट आरामाचे घाला, दिवसभर उभंच राहायचं आहे. कानात घालायचे बोळे न्या. जुन्या अटारीत काम केलेली माणसं तिथे बोलायला येतात. त्यातलं एक तरी भाषण ऐका, मशीन काय पळून जात नाही. जेवायला बाहेर पडलात तर सनीव्हेलला एल कमिनो रियलवर जा. 1972 साली तिथल्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये अटारीच्या अल अल्कॉर्नने बनवलेलं पाँगचं पहिलं मशीन ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं, अल्कॉर्न बघायला गेला तर पैशांचा डबा नाण्यांनी ओसंडून वाहत होता. पुढे त्या जागी रूस्टर टी. फेदर्स नावाचं विनोदी कार्यक्रमांचं ठिकाण आलं. हा सगळा धंदा जिथे सुरू झाला ती जागा तुमच्या वाटेवर आहे, तेव्हा पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

आणि एक काम माझ्यासाठी करा. रविवारी संध्याकाळी गर्दी ओसरते तेव्हा लगेच गाडीकडे जाऊ नका. एक पिनबॉल टेबल सव्वाशे किलोच्या आसपास जातं, आणि ती आणणारे बरेच लोक आता माझ्या वयाचे आहेत. ज्याच्या मशीनवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ खेळलात त्याच्याकडे जा, आभार माना, आणि मशीन ट्रेलरवर चढवायला हात लावू का, असं विचारा. कुठे धरायचं ते तो सांगेल, तो सांगेल तिथेच धरा.