चेनचं लॉक : एकदाच की पुन्हा पुन्हा?

प्रश्न : माझी सायकल २१ गिअरची आहे. रोज सकाळी विजापूर रोडला जातो, एखाद्या रविवारी तुळजापूर गाठतो. चेन धुवायला काढावी म्हटलं, तर वडिलांच्या काळ्या सायकलीला असते तशी क्लिप हिच्यात कुठंच दिसत नाही. एक मिस्त्री म्हणाले, “हे लॉक एकदा उघडलं की संपलं, नवं घालावं लागतं.” मुलगा म्हणतो, कितीही वेळा उघडा. खरं कुणाचं? आणि २१ गिअरचं लॉक मागितलं तर दुकानदार हसले, ते का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मिस्त्रींचंही खरं आणि मुलाचंही. दोघं वेगवेगळ्या चेनबद्दल बोलताहेत, एवढंच. दुकानदार का हसले ते आधी पाहू, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

२१ गिअर म्हणजे पुढं पायडलपाशी ३ दातेरी चकत्या आणि मागच्या चाकाला ७. तीन साते एकवीस. चेनला मात्र या गुणाकाराशी देणंघेणं नसतं. तिला मागच्या दोन चकत्यांच्या मधल्या फटीत मावायचं असतं, म्हणून चेनची आणि लॉकची जात ठरते ती फक्त मागच्या चकत्यांवरून. मागे ६, ७ किंवा ८ चकत्या असतील तर एकाच मापाचं लॉक चालतं. ९ ला वेगळं, १० ला वेगळं, ११ ला आणखी वेगळं. मागच्या चाकाजवळची जागा फारशी वाढत नाही आणि चकत्या मात्र वाढतात, म्हणून चेन बारीक होत जाते. ८ चकत्यांच्या चेनची पिन साधारण ७.१ मिलिमीटर लांब असते, ११ च्या चेनची साडेपाचच्या आसपास. तुम्ही दुकानात “मागे ७ चं लॉक द्या” म्हणायला हवं होतं.

आता हे लॉक धरून कसं राहतं? घरातलं भिंतीवरचं घड्याळ खाली काढून त्याची पाठ बघा. तिथं किल्लीच्या भोकासारखी खाच असते, एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद. खिळ्याचं डोकं रुंद भागातून आत जातं, घड्याळ स्वतःच्या वजनानं खाली सरकतं आणि खिळा अरुंद भागात अडकतो. चेनच्या लॉकमध्ये हीच युक्ती दोनदा केलेली असते. लॉकचे दोन भाग अगदी सारखे. प्रत्येक भाग म्हणजे एक पत्ती, तिच्या एका टोकाला पक्की बसवलेली पिन आणि दुसऱ्या टोकाला तशी खाच. खाचेचा रुंद भाग लॉकच्या मध्याकडे, अरुंद भाग बाहेरच्या टोकाकडे. पिनेच्या शेंड्याजवळ एक गळा कोरलेला असतो. चेन ओढली गेली की दोन्ही पिना एकमेकींपासून लांब सरकतात आणि त्यांचे गळे अरुंद भागात जाऊन बसतात.

म्हणजे लॉक हा चेनमधला कच्चा दुवा आहे हा समज चुकीचा. घाटात पायडलवर उभं राहून जोर लावाल तेव्हा ते आणखी घट्ट बसतं. मग खालच्या बाजूला चेन सैल असताना ते आपोआप सुटत कसं नाही, अशी शंका येईल. पिना नुसत्या जवळ येऊन भागत नाही, दोन्ही पत्त्या बाजूनं आत दाबल्या गेल्या तरच गळा कडेतून मोकळा होतो. या दोन गोष्टी एकाच वेळी चालत्या सायकलीवर सहसा घडत नाहीत. त्या आपण हातानं घडवायच्या, हेच लॉक उघडणं.

आधी खात्री करा की लॉक आहे. सगळ्या कड्या नजरेखालून घाला. लॉकच्या पत्तीवर पिनेभोवती लांबट खाच दिसते, बाकीच्या कड्यांवर पिनेचं नुसतं गोल डोकं. पूर्ण चेन फिरवूनही लांबट खाच दिसली नाही, तर तुमची चेन कारखान्यातच पिन ठोकून जोडलेली आहे. ती उघडायला पिन ढकलणारं चेन कटर लागतं आणि तेव्हाच नवं लॉक घालून घेता येतं.

लॉक असेल तर मोबाईलवर एक फोटो काढा, चेन मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, दोन छोट्या चाकांमधून कशी वळते त्याचा. नंतर जोडताना हीच वाट चुकते. मग पुढची चेन सर्वांत लहान चकतीवरूनही खाली उतरवा, म्हणजे ताण जाईल. जुना स्पोक वाकवून त्याचा आकडा करा आणि लॉकच्या दोन्ही बाजूंच्या कड्या त्यानं जवळ ओढून ठेवा. लॉकमध्ये धूळ बसलेली असते, ती जुन्या टूथब्रशनं काढून तेलाचा एक थेंब सोडा आणि थोडा वेळ जाऊ द्या. मग एका हाताच्या चिमटीत दोन्ही पत्त्या आत दाबून पिना एकमेकींकडे ढकला. ७-८ चं लॉक बहुधा हातानंच सुटतं. हट्ट धरलाच, तर लांब चोचीची पक्कड तिरपी लावा. एक जबडा अलीकडच्या पत्तीच्या एका टोकाला आणि दुसरा पलीकडच्या पत्तीच्या विरुद्ध टोकाला. पत्त्यांच्या फटीत पेचकस घालून उचकटू नका, त्यानं पत्ती वाकते आणि वाकलेली पत्ती पुन्हा भरवशाची होत नाही.

जोडताना उलट क्रम. दोन्ही भाग एकमेकांत घालून लॉक चेनच्या वरच्या ओळीत, मागच्या चकत्या आणि पायडल यांच्या मधोमध आणा. मागचा ब्रेक दाबून धरा आणि पायडल पुढं जोरात दाबा. ‘टक्’ असा आवाज येतो. आवाजावर विसंबू नका, दोन्ही बाजूंनी वाकून बघा. पिना खाचांच्या अगदी बाहेरच्या टोकाला गेल्या असतील तरच लॉक बसलं.

आता मिस्त्री आणि मुलगा यांचा वाद. श्रॅम कंपनीचं ८-९ चकत्यांचं ‘पॉवरलिंक’ पुन्हा उघडण्यासाठीच केलेलं आहे. त्याच कंपनीचं १० आणि त्यापुढचं ‘पॉवरलॉक’ एकदाच वापरायचं. शिमानोचंही ११ आणि १२ चं लॉक एकदाच वापरायचं. पत्ती पातळ झाली की अडकायला धातूही कमी उरतो. दर वेळी टक् करताना गळ्याची कड थोडी झिजते. जाड लॉकला ते सोसतं, पातळ लॉकची पकड ढिली होते आणि भर चढावर चेन सुटून माणूस आपटू शकतो. महागड्या सायकली हाताळणाऱ्या मिस्त्रींचा सल्ला त्यांच्या जागी बरोबरच आहे. तुमच्या ७ चकत्यांच्या चेनला मुलाचं म्हणणं लागू पडतं, पण पाकिटावर काय छापलंय ते पाहून. ‘कितीही वेळा’ यालाही मर्यादा आहे. लॉक दाबलं न दाबलं तोच सुटू लागलं, तर टाकून द्या.

वडिलांच्या काळ्या सायकलीचं लॉक वेगळ्या कुळातलं. त्यात एक सुटी पत्ती आणि ती धरणारी यू आकाराची क्लिप असते. क्लिपचं बंद तोंड चेनच्या जाण्याच्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या ओळीत पायडलकडे. उलटी लावली तर चालताना काही घासून उघड्या टोकांवर बसलं की क्लिप निसटते.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सोलापुरात चेन मरते ती धुळीनं. कोरड्या हवेत उडणारी बारीक माती तेलात मिसळली की तिचं पॉलिशपेपरसारखं काम सुरू होतं. म्हणून मळलेल्या चेनवर वरून तेल ओतणं म्हणजे तिला झिजवणं. तेल हवं असतं रोलरच्या आत. बाहेरून चेन जितकी कोरडी तितकी बरी. रॉकेलमध्ये बुडवलीत तर पूर्ण वाळू द्या, मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, रात्रभर मुरू द्या, सकाळी चिंधीनं बाहेरचं सगळं पुसून घ्या. गाडीचं वापरलेलं काळं ऑइल नको, त्यात धातूचा चुरा असतो. खोबरेल चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल शुद्ध, पण पातळ, लवकर उडतं. आपल्या गावात गणवेश शिवणाऱ्यांची कमतरता नाही, तेव्हा ते सहज मिळतं. वापरलंत तर वरचेवर घाला. गंज काढायला चिंच, लिंबू, ॲसिड यांत चेन भिजवू नका. पितळेचा तांब्या त्यानं उजळतो, पण कडक पोलादाच्या पत्त्यांना त्यानं तडे जाऊ शकतात.

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक सांधा केसभर सैल होतो आणि सगळे मिळून चेन लांबते. अशा सांध्यांची ही बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड या स्विस माणसानं मँचेस्टरला १८८० मध्ये काढली. त्याआधी त्यानं सॅल्फर्डमधला जो छोटा कारखाना घेतला होता, तो कापडगिरण्यांच्या यंत्रांना साखळ्या पुरवायचा. सोलापूरची ‘जुनी मिल’ ही कापडगिरणीही त्याच काळातली, १८७७ ची. मिलचा भोंगा झाला की कामगार ज्या सायकली हाणत जायचे, त्यांच्या चेनचं मूळही असं गिरणीशीच जोडलेलं आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

मोजायला पोलादी टेप घ्या, शिंप्याची कापडी टेप स्वतःच ताणते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे २४ कड्यांना बरोबर १२ इंच. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदला. एक अष्टमांश भरलं तर बहुधा मागच्या चकत्याही गेल्या. नव्या चेनला जुनं लॉक लावू नका, तेही चेनइतकंच झिजलेलं असतं.

तुळजापूरला निघताना ७-८ चं एक जादा लॉक आणि छोटं चेन कटर सीटखालच्या पिशवीत असू द्या. नुसतं लॉक पुरत नाही, कारण तुटलेली कडी आधी काढावी लागते आणि लॉकच्या दोन्ही बाजूंना आतल्या, रोलरच्या कड्या याव्या लागतात. बाहेरची कडी तुटली असेल तर तिच्या जागी लॉक बसतं, चेन तेवढीच राहते. आतली तुटली असेल तर चेन एक इंचानं आखूड होईल. मग घरी येईपर्यंत पुढची सर्वांत मोठी आणि मागची सर्वांत मोठी चकती एकत्र घालू नका. चेन पुरणार नाही आणि ताणानं डिरेलर मोडेल.