जुन्या गाड्यांतील पेट्रोल-वाफेच्या नळ्या : निवड आणि बदल

गॅरेजचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंसाठी या आठवड्यात आम्ही एका लहानशा वस्तूची माहिती देत आहोत. किमतीने ती स्वस्त आहे. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर गाडी पेट घेऊ शकते. ही वस्तू म्हणजे टाकीतील पेट्रोलची वाफ वाहून नेणारी रबरी नळी.

नळीचे काम

उन्हात टाकी तापली की पेट्रोलची वाफ होते. ती नळीवाटे कॅनिस्टरमध्ये, म्हणजे सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात जाते. इंजिन सुरू झाल्यावर तीच वाफ दुसऱ्या नळीने ओढली जाऊन जळते. कॅनिस्टर नसलेल्या जुन्या गाड्यांत नळी वाफ सरळ गाडीबाहेर सोडते.

पेट्रोलची नळी फाटली तर थेंब गळताना दिसतो. वाफेची नळी फाटली तर काहीच दिसत नाही, फक्त वास येतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने डिकीत, गाडीखाली आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. मग एक ठिणगी पुरेशी होते.

आमचीच चूक

काही वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक डिकीत टाकी असलेली जुनी गाडी घेऊन आले. आत पेट्रोलचा वास येतो, मागे बसणाऱ्या मुलांचे डोके दुखते, अशी तक्रार होती. आम्ही कार्बोरेटर खोलून साफ केला आणि मजुरी घेतली. वास गेला नाही. गाडी परत आली तेव्हा डिकीतील गालिचा उचलला. वाफेची नळी फुगून मऊ झाली होती; वाकवताच भेगा उघडल्या. ती पाण्याची नळी होती आणि योग्य माल हाताशी नाही म्हणून मागे आमच्याच दुकानात बसवलेली होती. आम्ही कार्बोरेटरची मजुरी परत केली. तेव्हापासून वासाची तक्रार आली की आम्ही आधी नळ्या पाहतो.

कोणती नळी घ्यावी?

रेडिएटरच्या पाण्याची नळी पेट्रोलमध्ये फुगते. पारदर्शक प्लास्टिकची नळी काही काळाने कडक होऊन तडकते. वाफेला दाब नसतो म्हणून कोणतीही नळी चालेल, हा समज चुकीचा आहे. दाब कमी असला तरी रबराला रात्रंदिवस पेट्रोलच्याच वाफेत राहावे लागते.

नळीवर छापलेला दर्जा वाचावा. कार्बोरेटरच्या गाडीत वाफेसाठी किमान ‘एसएई ३० आर ७’ दर्जाची नळी असावी. मात्र जून २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉल १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमुळे जुने रबर लवकर खराब होते. म्हणून ‘३० आर ९’ किंवा ‘३० आर १४’ घेणे अधिक चांगले. ‘३० आर ९’ महाग पडते. पण तिच्या आतील थर इथेनॉलला अधिक टिकतो आणि वाफही कमी झिरपू देतो.

माप जुन्या, फुगलेल्या नळीवरून घेऊ नये. धातूच्या पाइपाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि तेवढ्याच आतील व्यासाची नळी घ्यावी. ६ मिलिमीटरच्या पाइपावर ८ ची नळी चढवून क्लिप आवळणे म्हणजे गळती ठेवून देणे होय.

बदलण्याची पद्धत

१. इंजिन थंड होऊ द्यावे. गाडी उघड्यावर घ्यावी, खड्ड्यावर नको. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. जवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग किंवा उघडा बल्ब नसावा.

२. टाकीचे झाकण उघडून दाब जाऊ द्यावा. कोणती नळी कोठे जाते याच्या खुणा कराव्यात.

३. जुनी नळी पकडीने पिळून ओढू नये. कॅनिस्टरचे प्लास्टिकचे तोंड मोडते. ब्लेडने हलका उभा छेद देऊन ती सोलून काढावी.

४. नवी नळी सरळ कापावी आणि पाइपावर सुमारे २५ मिलिमीटर चढवावी. क्लिप पाइपाच्या उंचवट्याच्या मागे बसवावी.

५. नळी कोठे मुडपू नये व सायलेन्सरच्या पाइपापासून दूर राहावी. मुडपलेल्या नळीने टाकीत हवा शिरत नाही आणि गाडी काही अंतर जाऊन बंद पडते. झाकण उघडताच हवा जोराने आत ओढली गेली व गाडी पुन्हा सुरू झाली, तर रस्ता तुंबला आहे असे समजावे.

एक नळी गेली असेल तर त्याच वयाच्या बाकीच्याही तपासाव्यात. काढलेली नळी गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी आणि नव्या नळीचा दर्जा बिलावर लिहावा. चार पैसे जास्त का लागले, हे त्याला आपोआप समजेल. आणि त्याची मुले त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसणार आहेत, हे आपणही विसरणार नाही.