पानांवरील जीवाणू आणि थंडीची बाधा

थंडीच्या कडाक्यात एका शेतातील पीक करपते व शेजारचे तगते, असे कधी कधी दिसते. याचे एक कारण पानांवर राहणाऱ्या जीवाणूंत सापडले आहे.

निरोगी पानाच्या एक चौरस सेंटिमीटर भागावर १० लाख ते १ कोटी जीवाणू असू शकतात. ते शिरांलगत, लवेच्या बुडाशी व पर्णरंध्रांभोवती वस्ती करतात आणि पानातून पाझरणाऱ्या अल्प साखरेवर जगतात. यांतील बहुतेक जीवाणू निरुपद्रवी होत.

मक्याच्या शेतातील शोध

१९६१ साली अमेरिकेतील पॉल हॉपी हे मक्याच्या एका बुरशीजन्य रोगाचा अभ्यास करीत होते. रोगट पानांची वाळवून केलेली पूड त्यांनी काही झाडांवर टाकली होती. अवचित कडक थंडी पडली आणि पूड टाकलेली झाडे तेवढी करपली. या कोड्याचा उलगडा पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात झाला. १९७० नंतरच्या दशकात डॉक्टरेटचे संशोधन करणारे स्टीव्हन लिंडो यांनी आर्नी व अपर या शास्त्रज्ञांसमवेत त्या पुडीतून 'स्यूडोमोनास सिरिंजी' हा जीवाणू वेगळा केला व थंडीची बाधा त्यामुळेच वाढते, हे दाखविले.

हे कसे घडते?

पाणी शून्य अंशावर गोठतेच असे नाही. हिमकण धरण्यास काही आधार नसेल, तर कोवळ्या पानातील पाणी शून्याखाली ४ ते ५ अंश सेंटिग्रेडपर्यंत द्रवरूप राहू शकते. या जीवाणूच्या बाह्य आवरणातील एक प्रथिन मात्र पाण्याच्या कणांना बर्फाप्रमाणे रचून धरते. त्यामुळे शून्याखाली सुमारे २ अंशांवरच बर्फ धरू लागते, ते पानात पसरते, पेशी फुटतात आणि पान काळे पडते.

हे प्रथिन तयार न करणारे जीवाणू पानावर आधी वसविल्यास घातक जीवाणूंना जागा व अन्न मिळत नाही. या तत्त्वावर १९८७ साली कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी व बटाटा या पिकांवर प्रयोग झाले. प्रथिनाचा जनुक काढून टाकलेले जीवाणू उघड्या शेतात सोडण्यास पुष्कळांचा विरोध होता. काहींनी प्रयोगातील रोपे उपटूनही टाकली.

शेतकऱ्यांनी घ्यावयाचा बोध

थंडीची लाट आल्यावर घाईने जंतुनाशक फवारणे व्यर्थ होय. जीवाणू मेला तरी त्याचे प्रथिन काही काळ बर्फ धरीतच राहते. शिवाय घातक जीवाणूंची जागा अडविणारे निरुपद्रवी जीवाणूही त्या फवारणीत नष्ट होण्याचा संभव असतो.

पानाभोवतीचे तपमान उतरू न देणे हाच अशा वेळी खात्रीचा मार्ग होय. निफाड भागातील द्राक्ष बागाईतदार कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवितात व पाणी देतात, त्यामागील हेतू हाच आहे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती सावकाश सोडते. म्हणून थंडीचा इशारा मिळताच पिकास हलके पाणी द्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा इशारा सायंकाळपूर्वी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवावा. पान एकदा गोठल्यावर कोणताही उपाय चालत नाही.