यंत्राच्या मागं उभी राहा

बारामतीला कृषिक प्रदर्शन बघायला निघालीस ना, मग रविवार टाळ. जानेवारीत सुट्टीच्या दिवशी कृषी विज्ञान केंद्राच्या रानात एवढी झुंबड असते, की चालतं यंत्र दिसतच नाही, पुढच्याची टोपी तेवढी दिसते. मधल्या वारी जा आणि दव वाळायच्या आत पोच. पायात बूट घाल. मी एकदा नवी चप्पल घालून गेले होते. ओल्या सरीत ती रुतली आणि निम्मा दिवस चप्पल धुण्यात गेला.

ओढणी मात्र घरी ठेव, हे मी तुला सासू म्हणून सांगत नाही. ट्रॅक्टरच्या मागचा तो फिरता दांडा, पीटीओ म्हणतात तो, मिनिटाला 540 फेरे घेतो. कापडाचं टोक सापडलं की सोडवायला उसंत मिळत नाही. दांड्यावर कव्हर आहे का बघ. नसेल तर यंत्र कितीही स्वस्त असलं तरी आपल्या दारात नको.

आता मुख्य ऐक. तिथं सगळे बाप्ये यंत्राच्या पुढं उभे राहतात, फोटो काढतात, किती एचपी विचारतात. तू मागं जा. यंत्र पुढं गेल्यावर रानात जे राहतं, ते निस्तरायला शेवटी बायकाच वाकतात. भुईमूग काढणीचं यंत्र गेलं की खाली बस, हातभर जागा उकर आणि मातीत किती शेंगा राहिल्या ते मोज. पेरणीयंत्र बी टाकून दाखवत असतील, तर विचारून काकरी उघड. सोयाबीनचं बी तीन ते पाच सेंटिमीटर खोल पाहिजे. त्याच्या खाली गेलं तर उगवणीला मार बसतो. मीटरभर ओळीत साधारण 20 दाणे सापडायला हवेत. एका जागी मूठभर आणि पुढं वीतभर मोकळं दिसलं, तर विरळणी आणि नांगे भरणं आपल्याच नशिबी आलं म्हणून समज. ऊसतोडणी बघितलीस तर बुडखा बघ. खालच्या कांड्यांत साखर जास्त असते, आणि बुडखा उंच राहिला तर खोडवा नीट फुटत नाही.

आणि रान ओळख. प्रात्यक्षिकाचं रान वाफशावर आणलेलं असतं. तुझ्या सासऱ्यांनी असाच एका प्रदर्शनात रोटाव्हेटर चालताना बघितला. माती कशी रव्यासारखी पडत होती! हरखून गेले, सहा फुटी घेऊन आले. आपला ट्रॅक्टर 35 एचपीचा, आपली जमीन काळी, त्यात उसाची खोडकी. दुसऱ्या तासालाच धूर निघाला. विकणाऱ्यानं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. म्हणून तू आपल्या मळ्यातलं एक वाळकं ढेकूळ पिशवीत घालून ने. हसतील, हसू देत. ऑपरेटरच्या हातावर ठेव आणि विचार, "असल्या रानात चालेल का?" ट्रॅक्टरचंही विचार, इंजिनाचा एचपी मोठ्या अक्षरात लिहितात, पण पीटीओपर्यंत पोचतो तो त्याहून कमी.

ऑपरेटरलाच विचार म्हणते मी, स्टॉलवरच्या इस्त्रीच्या शर्टाला नको. दुपारी तो बांधावर डबा उघडून बसला की जवळ जा, आपली चटणी पुढं कर. कुठला बोल्ट तुटतो, कुठलं पातं आधी झिजतं, ते पातं तालुक्याच्या दुकानात मिळतं की पुण्याहून मागवावं लागतं, सगळं सांगतो. जेवताना माणूस खोटं कमी बोलतो.

पॉवर वीडर तर स्वतः धरल्याशिवाय घ्यायचाच नाही. ही यंत्रं बाप्यांच्या उंचीनं केलेली असतात. मूठ तुझ्या कमरेजवळ येते की छातीशी? ओळीच्या शेवटी बांधाजवळ वळवून बघ, वजन तिथं कळतं. मग गरम इंजिन बंद करायला लाव आणि दोरी ओढून तूच चालू कर.

ड्रोन बघ हौसेनं, बघण्यासारखा आहे. आपल्या दोन एकराला तो भाड्यानं बरा.

इसार देऊ नकोस. "आजच्यापुरती सूट" ऐकलं की पाकीट मला फोन करेपर्यंत मिटलेलंच ठेव. जीएसटीसकट कोटेशन लिहून घे, शिक्का मारून. अनुदान हवं असेल तर आधी महाडीबीटीवर अर्ज, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच बिल. बिल आधी फाडलं तर अनुदान हुकतं. सातबाऱ्यावर तुझं नाव लागलंय, तेव्हा अर्जही तुझ्याच नावानं कर. महिला आणि अल्पभूधारकांना टक्केवारी जास्त धरतात. ह्यांना राग येईल थोडा, येऊ दे.

निघताना माझ्यासाठी दोन दातेरी वैभव विळे आण. मूठ धरून बघूनच घे, मागच्या खेपेला तुझ्या नवऱ्यानं आणलेले माझ्या हाताला मोठे होतात.