खिडकी कडेला नेली की पसरते

प्रश्न : विंडोज ११ वर एक्सेलची खिडकी जरा वर सरकवली, की ती अख्खा स्क्रीन व्यापते. बाजूला नेली तर अर्ध्या स्क्रीनला चिकटते. हे बंद कसे करायचे?

उत्तर : ही बिघाडाची लक्षणे नाहीत. ही सोय ‘स्नॅप’ नावाची आहे आणि ती २००९ च्या विंडोज ७ पासून चालत आली आहे. माउसचा बाण स्क्रीनच्या कडेला टेकला, की खिडकी तिथे ‘बसवायची’ आहे असे संगणक समजतो.

सेटिंग्ज उघडा. सिस्टिममध्ये मल्टिटास्किंगवर जा आणि ‘स्नॅप विंडोज’समोरचे बटण बंद करा. बदल लगेच लागू होतो, संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही.

वर ओढताना चौकटींची पट्टी खाली उतरते, तेवढीच नको असेल तर मात्र सगळे बंद करू नका. त्याच बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करा आणि यादीतली तेवढीच खूण काढा.

खिडकी धरून हलवली की बाकीच्या गायब होतात? मग तिथलेच ‘टायटल बार विंडो शेक’ बंद करा. खिडकी मोठी करायला टायटल बारवर डबल क्लिक पूर्वीसारखेच चालेल.