घरच्या घरीं लांकडी ताटाळें

धुतलेलीं ताटें ओलीं असतांनाच एकावर एक रचून ठेवण्याची रीत पुष्कळ घरीं आहे. अशा ताटांमध्यें वारा शिरत नाहीं, ओल टिकते व ओलीवर जंतूंची वाढ होते. मळक्या फडक्यानें पुसल्यास तोच मळ सर्व ताटांस लागतो. ताटें कडेवर उभीं राहून निथळतील अशी सोय केली म्हणजे हे दोन्ही दोष टळतात. असें ताटाळें उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत शेतकऱ्यास स्वतः करतां येईल.

लांकूड.— आमचें पहिलें ताटाळें आम्हीं नुकत्याच तोडलेल्या बाभळीचें केलें. करतेवेळीं खुंट्या घट्ट बसल्या होत्या. पुढील चैत्रांत त्यांपैकीं निम्म्या नुसत्या हातानें निघूं लागल्या. याचें कारण असें कीं, लांकूड वाळतांना लांबींत फारसें आटत नाहीं, परंतु रुंदींत व जाडींत आटतें. ओली गोल खुंटी वाळली कीं बारीक होते व भोंकांत सैल पडते. यासाठीं खुंटीचें लांकूड पूर्ण वाळलेलें पाहिजे. एक तुकडा दर आठ दिवसांनीं तराजूंत तोलावा. लागोपाठ तीन वेळां वजन सारखें भरलें म्हणजे लांकूड वाळलें असें समजावें. जुना सागवानी तुकडा मिळाल्यास उत्तमच. मात्र रंग दिलेला घेऊं नये, कारण जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो.

मापें.— २४ इंच लांब, १॥ इंच रुंद व १ इंच जाड अशा दोन पट्ट्या. ८ इंच लांब व १॥ इंच चौरस असे दोन पाये. आणि ६ इंच लांब व अर्धा इंच जाडीच्या २२ गोल खुंट्या.

कृति.— दोन्ही पट्ट्या शेजारीं शेजारीं घट्ट धरून गुण्यानें एकदमच खुणा कराव्या, म्हणजे भोंकें समोरासमोर येतील. पहिली खूण टोंकापासून २ इंचांवर व पुढील दर २ इंचांवर करावी. प्रत्येक पट्टीस ११ खुणा होतील. गिरमिटानें भोंकें सरळ व आरपार पाडावीं. अर्धवट भोंकांत पाणी सांचतें व खुंटी बुडाशीं कुजते. आरपार भोंकांतून तें निघून जातें. खुंट्या ठोकून पट्टीच्या खालच्या बाजूशीं सपाट कराव्या. वर त्या ५ इंच राहतील. मग पट्ट्या दोन्ही टोंकांच्या पायांवर ठेवाव्या व मध्यें ५ इंच अंतर राखून प्रत्येक सांध्यास दोन पितळी स्क्रू मारावे. लोखंडी खिळा पाण्यानें गंजतो आणि बाभळीसारख्या लांकडावर काळे डाग पाडतो. असें हें ताटाळें दहा ताटें घेतें. १२ इंचांचें ताट त्यांत नीट बसतें. ५ इंचांहून लहान बशी मात्र मधून खालीं पडेल.

तेल.— सर्व भाग कांचकागदानें घासून त्यांवर जवसाचें कच्चें तेल पातळ लावावें व पाव तासानें जादा तेल पुसून घ्यावें. पहिला हात पूर्ण सुकल्यावर दुसरा द्यावा. यास बरेच दिवस लागतात; तेल चिकट असेपर्यंत ताटें ठेवूं नयेत. येथें एक धोका ध्यानांत ठेवावा. जवसाचें तेल सुकतांना उष्णता उत्पन्न होते, व तेलाचीं फडकीं गोळा करून टाकल्यास तीं आपोआप पेट घेतात. तीं कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यांत कधींही टाकूं नयेत. उघड्यावर एकेक पसरून वाळवावीं, अथवा पाण्यांत बुडवून ठेवावीं.

निगा.— ताटाळें मोरीजवळ, परंतु वारा येईल अशा जागीं ठेवावें. आठवड्यांतून एकदां घासून उन्हांत सुकवावें, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वीं तेलाचा एक हात द्यावा. एखादी खुंटी हलूं लागल्यास ती काढून नवी वाळलेली घालावी. ओली खुंटी ठोकून वेळ साधूं नये.