ज्या कर्जाची वही आपल्या हातात नसते



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या आणि सगळ्या उठायला लागल्या. तेव्हा एक मावशी हळूच म्हणाल्या, “ताई, जरा विचारायचं होतं. भाचीला पुण्याला घरकामाला न्यायला एक जण आलाय. लांबच्या नात्यातलाच आहे. खाऊन-पिऊन महिना आठ हजार देणार. आणि दहा हजार आत्ताच हातावर ठेवतोय. घेऊ का?”

भाचीचं वय सोळा. बाप आजारी, दवाखान्याची उधारी झालेली. मावशींच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? उत्तर लगेच देऊ नका. आधी आजचा धडा वाचू या.

मानवी व्यापार म्हणजे काय?

“माणसांची तस्करी” म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळी गाडी येते, तोंडावर रुमाल टाकून पळवणारे गुंड येतात. असंही घडतं. पण बऱ्याचदा मुलगी आपल्या पायांनी, नवा ड्रेस घालून, आईच्या पाया पडून एसटीत बसते. नेणारा ओळखीचा असतो. कधी नातेवाईक, कधी गावातलीच बाई, कधी मोबाईलवर ओळख झालेला मुलगा. तो कामाचं, लग्नाचं किंवा प्रेमाचं आमिष दाखवतो.

कायदा तीन गोष्टी बघतो. पहिली, माणसाला भरती केलं का, नेलं का, ठेवून घेतलं का? दुसरी, त्यासाठी धाक, फसवणूक, आमिष किंवा अधिकाराचा गैरवापर झाला का? तिसरी, हेतू शोषणाचा होता का? म्हणजे देहविक्री, वेठीची मजुरी, भीक मागायला लावणं असं काही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे या गुन्ह्याला कमीत कमी ७ वर्षं शिक्षा आहे. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर कमीत कमी १० वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

याच कलमातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, “ती स्वतःच्या मर्जीने गेली होती” असं म्हणून गुन्हेगार सुटू शकत नाही. दुसरी, मुलीवर ज्यांचा अधिकार आहे त्यांना पैसे देऊन त्यांची संमती मिळवणं हेसुद्धा आमिषच धरलं जातं.

याला गुलामी का म्हणायचं?

आपण गटात कर्ज घेतो तेव्हा काय असतं? रक्कम ठरलेली, व्याज ठरलेलं, वहीत नोंद, आपली सही. किती फिटलं, किती राहिलं, हे कोणतीही सखी वही उघडून बघू शकते. फिटलं की विषय संपला.

आता ऊसतोडीची उचल आठवा. बऱ्याच घरांत हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. खाडे धरले, दंड लावला, आणि हंगाम संपला तरी “अजून बाकी आहे” असं ऐकावं लागतं. मग पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे.

देहविक्रीसाठी विकलेल्या मुलीचं असंच होतं, पण कितीतरी भयानक. दलाल तिला कोठ्यावर देतो, घरवाली त्याला पैसे मोजते. ते पैसे मुलीला दिसतसुद्धा नाहीत, पण कर्ज तिच्या नावावर चढतं. त्यात जेवण, कपडे, खोलीचं भाडं, औषधं, सगळं वाढत जातं. वही घरवालीकडे. “फेड, मग जा,” असं सांगतात. मोबाईल काढून घेतलेला, आधार कार्ड दुसऱ्याकडे, आणि “घरी कळलं तर तुझा बाप जीव देईल” हा धाक. बेडी नसली तरी ती जाऊ शकत नाही. म्हणून याला आजच्या काळातली गुलामी म्हणतात.

सगळ्या जगात २०२१ साली अंदाजे ४ कोटी ९६ लाख माणसं अशा गुलामीत होती, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि सोबतच्या संस्थांनी मांडलं. त्यात वेठीची मजुरी आहे आणि जबरदस्तीची लग्नंही आहेत. “मुलाकडचे सगळा खर्च करतायत, वर पन्नास हजार देतायत, फक्त मुलगी लांब परराज्यात द्यायची,” असं स्थळ आलं तर तिथेही थांबून विचार करा.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्हीला बंदी केली आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठबिगारीचं कर्जच रद्द केलं. म्हणजे माणसाला बांधून ठेवणारं कर्ज फेडायची जबाबदारीच उरत नाही. हे वाक्य गटात दोनदा वाचा.

“हो” म्हणण्याआधी पाच प्रश्न

मुलींना घरात कोंडणं हा उपाय नाही. घाईने लग्न लावणं तर नाहीच. मुली शिकायला जाणार, कामाला जाणार, जायलाच पाहिजेत. आपण फक्त विचारून पाठवायचं:

१. कामाचा पूर्ण पत्ता काय? मालकाचा नंबर कोणता?
२. पैसे मुलीच्या खात्यात येणार की दुसऱ्याच्या हातात?
३. आगाऊ रक्कम कशाची? काम सोडलं तर काय होणार?
४. मोबाईल आणि आधार कार्ड मुलीजवळच राहणार ना?
५. पोचवायला घरचं माणूस सोबत आलं तर चालेल का?

प्रामाणिक माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

शंका आली किंवा मुलगी हरवली तर

• चोवीस तास थांबू नका. मूल हरवल्यास गुन्हा नोंदवून तपास करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. “आमची हद्द नाही” हे कारण चालत नाही.
• लहान मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२.
• स्वतः सोडवायला जाऊ नका, दलालाशी पैशाची बोलणी करू नका. मुलीला दुसरीकडे हलवलं जाऊ शकतं.
• मुलीचं नाव, फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. सुटून आलेल्या मुलीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.
• जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

ती परत आल्यावर

हे लिहिताना मला जड जातं. एका गावात अशीच एक मुलगी परत आली. पोलिसांनी तिला सोडवलं, पण गावाने सोडलं नाही. पाणवठ्यावर कुजबुज. तिची आई गटात बसायला आली की बायका सरकून बसायच्या. दोन महिन्यांत आईने बैठकीला येणं बंद केलं. मी तेव्हा नवीन होते, काही बोलले नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

गुन्हा तिने केलेला नाही. तिच्यावर झालेला आहे. गावात जागा मिळाली नाही तर अशी मुलगी पुन्हा दलालाच्याच हाती लागण्याची भीती असते. तिला गटात घ्या, शिलाई मशीनसाठी कर्ज द्या, आणि “काय झालं होतं?” हे विचारू नका.

मावशींचं काय झालं?

त्या दिवशी आम्ही सगळ्या परत खाली बसलो. मावशींना तो पत्ता विचारायला सांगितलं. तो म्हणाला, “तिथं गेल्यावर कळवतो.” दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याचा फोनच लागेना. तो खरंच दलाल होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. पण दवाखान्यासाठी गटाने आठ हजार अंतर्गत कर्ज दिलं. भाची दहावीच्या परीक्षेला बसतेय.

सख्यांनो, अडचणीच्या घरी दलाल पैसे घेऊन पोचतो. आपला गट त्याच्या आधी पोचला पाहिजे.

गटात चर्चा करा

१. आपल्या गावातून कामाला बाहेर गेलेल्या मुलींचे पत्ते घरच्यांकडे आहेत का?
२. आजारपणासारख्या अडचणीत आपला गट किती दिवसांत कर्ज देतो?
३. या महिन्यात ग्रामसंघात कोणता ठराव मांडायचा?

ठरेल ते इतिवृत्तात लिहा. पुढच्या भेटीत मी वही बघणार आहे!

तुमची क्षेत्र समन्वयक